लोकेशन पाठव ना, दादा

मागच्या आठवड्यात पुण्याहून मावसभावाचा मेसेज आला. तो आणि त्याचे पाच मित्र जुलैमध्ये नॉर्वेला येतायत. विमानाची तिकिटं काढून झाली, व्हिसाची तारीख मिळाली, बोडोहून भाड्याची गाडी ठरली, तीन टेंट घेऊन झाले. हॉटेलं परवडण्यातली नाहीत, आणि नॉर्वेत कुठेही फुकट तंबू टाकता येतो हे त्यांनी कुठल्याशा रीलमध्ये पाहिलंय. आता एकच काम उरलंय आणि ते माझ्या गळ्यात आहे. “दादा, तू तिकडे चार वर्षं आहेस. लोफोटेनमधल्या एक नंबर जागांचं लोकेशन पाठव ना. गर्दीच्या नकोत. तुला माहितीयेत तसल्या.”

माझ्या फोनच्या नकाशात अशा एकोणीस जागा हिरव्या झेंड्यांनी राखून ठेवलेल्या आहेत. यादीची लिंक पाठवायला दहा सेकंद लागतील. आठ दिवस झाले, मी ती पाठवलेली नाही. “बघतो”, “ऑफिसमध्ये आहे”, “वीकेंडला निवांत पाठवतो” असली उत्तरं देतोय. भाऊ सख्ख्यासारखा आहे, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय. त्याच्यापासून काही लपवावं असं मला कधी वाटलं नाही. मग हे काय चाललंय, ते माझं मलाच कळावं म्हणून लिहायला बसलोय.

आधी कायदा सांगतो, कारण रीलमध्ये तो अर्धाच असतो. नॉर्वेत ‘आलेमान्सरेटन’ म्हणून एक गोष्ट आहे. शब्दशः अर्थ, सगळ्या माणसांचा हक्क. रूढी जुनी, पण २८ जून १९५७ च्या कायद्यानं ती लेखी झाली. जमिनीचे दोन भाग मानलेत: इनमार्क म्हणजे घराचं आवार, शेत, गवताचं कुरण, आणि उटमार्क म्हणजे त्यापलीकडचं सगळं, रान, डोंगर, किनारा. उटमार्क कुणाच्या खासगी मालकीचं असलं तरी तिथून कुणीही चालावं, तिथे तंबू टाकावा, झोपावं. राहत्या घरापासून किंवा केबिनपासून निदान १५० मीटर लांब. दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारायचं. उंच डोंगरात, वस्तीपासून दूर असाल तर तेही नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ उघडी शेकोटी पेटवायची नाही. हा हक्क पायी चालणाऱ्याचा आहे, गाडीचा नाही. गाडी कुठेही लावून तिच्यात झोपायची परवानगी यात येत नाही. हे शेवटचं वाक्य रीलवाले सोयीस्कर गाळतात.

या कायद्यानं मला रडवलं होतं, हे सांगितलं तर हसू नका. परदेशात पहिलं वर्ष म्हणजे नुसतं कागद दाखवणं असतं. ओळख क्रमांक नाही म्हणून बँकखातं नाही, बँकखातं नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पत्ता नाही. त्या चक्रात असताना एका शनिवारी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं जंगलात नेलं आणि सांगितलं, हवं तिथे झोप. मी विचारलं, मी इथला नागरिक नाही, मला चालेल? त्याला प्रश्नच कळला नाही. कायदा ‘कुणीही’ म्हणतो. या देशानं काहीही न विचारता मला दिलेली ही पहिली वस्तू होती. आमच्या गावात गायरान होतं, तेही म्हणायला सगळ्यांचंच. मी पाहिलं तेव्हा त्याच्या एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला कुणाकुणाची पक्की घरं आणि मधे उरलेल्या पट्ट्यात प्लास्टिक चघळणाऱ्या चार म्हशी होत्या. त्यामुळे ‘सगळ्यांचं’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नव्हता. तो इथे बसला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एकटाच लोफोटेनला गेलो. जागा फोटो बघून ठरवली होती: पांढरी वाळू, मागे सरळसोट कडा, समोर मध्यरात्रीचा सूर्य. पोचलो तर किनाऱ्यावर चाळीसेक तंबू आणि डोक्यावर दोन ड्रोन. शिवाय वारा असा की माझ्या तंबूची काठी वाकून कमान झाली. सह्याद्रीत दहा वर्षं भटकलेला मी, पण इथे मला जागा निवडता येईना. समुद्रात घुसलेली टोकं फोटोत सुंदर दिसतात, तिथे झोप लागत नाही. हिरवंगार मऊ शेवाळ दिसलं की पाय पोटरीपर्यंत पाण्यात. ती सगळी पाणथळ. सपाट, कापल्यासारखं गवत दिसलं तर ते कुणाचं तरी कुरण, मेंढ्यांच्या हिवाळ्याच्या वैरणीचं. डोळ्याला जी जागा पटकन आवडते, ती बहुतेक वेळा राहायची नसते किंवा आधीच दुसऱ्या कुणाच्या कामाची असते.

सॅक पाठीवर टाकून रस्त्यानं निघालो. एक बाई कुंपणाची तार ओढून बांधत होत्या. सत्तरीच्या असाव्यात. मी मोडक्या नॉर्वेजियनमध्ये विचारलं, वारा लागणार नाही अशी जागा आहे का कुठे? (नॉर्वेजियनमध्ये सगळ्यांना ‘दू’ म्हणतात, म्हणजे ‘तू’. ते मला अजून जमत नाही. मनातल्या मनात मी त्यांना ‘अहो’च म्हणत होतो.) त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, आणि हातातल्या पकडीनं वर एका धारेकडे खूण केली. त्या पलीकडे छोटं तळं आहे. मोठ्या दगडाच्या पूर्वेला टाक तंबू, वारा वरून निघून जातो. दोन रात्री राहा. भांडी तळ्यात धुऊ नकोस, आमचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं.

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रात्र होती. रात्र म्हणायचं, एवढंच. बारा वाजता समोरचा उतार तांब्याच्या हंड्यासारखा झाला होता. तळ्यात एक पक्षी मधूनच ओरडायचा आणि मग इतकं शांत व्हायचं की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. मला वाटलं, हे कुणाला तरी सांगायला हवं. फोनला रेंज होती.

तंबूसाठी जागा शोधायची अ‍ॅप असतात. लोक नकाशावर खूण करतात, फोटो टाकतात, तारे देतात. मीही त्यांच्याच जिवावर वर्षभर फिरलो होतो, तेव्हा आपणही काही द्यावं असं प्रामाणिकपणे वाटलं. मी पाच तारे दिले. वाट कुठून चढते ते लिहिलं. ‘पाणी’ या चौकटीत बरोबरची खूण केली. भांडी धुऊ नका हेही लिहिलं, चौथ्या ओळीत. थोडी शेखी होती का त्यात? होती. जागा मला सापडली, हे जगाला कळायला हवं होतं. खरं तर मला काही सापडलं नव्हतं, मला कुणीतरी सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी जुलैत परत गेलो. पायवाट आधी मेंढीच्या खुरांएवढी होती, आता बैलगाडी जाईल इतका चिखल. तळ्याकाठी सहा तंबू. एक मुलगा तव्याला साबण लावून घासत होता आणि फेस झऱ्याच्या तोंडाकडे चालला होता. मोठ्या दगडाच्या मागे टॉयलेट पेपरची पांढरी फुलं. या थंडीत, खडकावर बोटभर मातीत, ते लवकर कुजत नाही. वाटेच्या तोंडाशी फळीवर हातानं इंग्रजीत लिहिलं होतं: तंबू टाकू नका, पिण्याचं पाणी आहे.

मी बाईंच्या घरी गेलो आणि ती नोंद मी केली होती हे सांगितलं. त्यांनी “या या” म्हटलं. नॉर्वेजियन लोक असं दोनदा म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आपल्या ‘असो’च्या आसपास असतो. कॉफी दिली. त्या उन्हाळ्यात त्या पाणी उकळून पीत होत्या. ते काढून टाकता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी तिथेच बसून माझा मजकूर पुसला. पण त्या खुणेखाली तोवर पन्नासेक लोकांनी आपापले फोटो टाकले होते, आणि खूण तशीच राहिली. ती आता माझी नव्हती.

कायदा कुणी मोडला? कुणीच नाही. सहाही तंबू १५० मीटरच्या बाहेर होते. प्रत्येक जण एक-दोन रात्री राहून जात होता. तवा घासणाऱ्या मुलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझ्या एका थेंब साबणानं काय होतंय? आणि त्याचं बरोबर असतं. त्याच्या एका थेंबानं खरंच काही होत नव्हतं. मीही एकटा होतो तोवर माझ्यानं काही झालं नव्हतं. नुकसान कुणाच्याही एकट्याच्या हातात सापडत नाही, तरी ते तळ्यात असतं. माझा वाटा मात्र थेंबाएवढा नव्हता, कारण मी वाट दाखवली होती. राहण्याचा दोष वाटला जातो, दाखवण्याचा तितका वाटला जात नाही.

सामायिक गोष्टींचं असंच वाटोळं होणार, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांना एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी आयुष्यभर उत्तर दिलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या ट्योरबेल गावाचं उदाहरण आहे. तिथल्या डोंगरावरच्या सामायिक कुरणासाठी १५१७ पासूनचा नियम: हिवाळ्यात आपल्या घरच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वर चरायला न्यायच्या. मला हा नियम वाचल्यापासून सोडत नाही. उन्हाळ्याची मजा किती घ्यायची याचं माप हिवाळा आहे. लोफोटेनला डिसेंबरात जवळजवळ महिनाभर सूर्य उगवत नाही. त्या काळात त्या बाई तिथे असतात. मी नसतो, माझा भाऊ नसेल, तवा घासणारा मुलगा नसेल.

लोफोटेनमध्येच क्वालविका नावाचा किनारा आहे. इंगे वेग्गे आणि योर्न रानुम हे दोन तरुण तिथे नऊ महिने राहिले, हिवाळ्यासकट. वाहून आलेल्या लाकडांची खोपटी बांधली, लाटांवर फळ्या घेऊन खेळले, आणि किनाऱ्यावरचा तीन टनांच्या आसपास कचरा गोळा केला. २०१२ मध्ये त्यावर त्यांची फिल्म आली. फिल्म गोड आहे. आज उन्हाळ्यात क्वालविकाच्या वाटेवर माणसांमागून माणसं दिसतात. ते त्या फिल्ममुळेच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जागा फोटोजेनिक आहे, कधीतरी होणारच होतं. पण इतकं नीट वागलेल्यांनाही ‘दाखवणं’ टाळता आलं नाही, याची मला गंमतही वाटते आणि धीरही येतो.

आता यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. आर्ने नेस हा नॉर्वेचा मोठा तत्त्वज्ञ, गांधींवर पुस्तकं लिहिलेला आणि गिर्यारोहकही. १९७१ मध्ये तो सिग्मुंड क्वालोय आणि निल्स फोर्लुंड या मित्रांबरोबर नेपाळात गौरीशंकरला गेला, शिखरावर जायचं नाही असं ठरवून. शेर्पांसाठी तो डोंगर म्हणजे त्सेरिंगमा देवी. या तिघांचं म्हणणं, निदान एक डोंगर माथ्याला पाय न लावता सोडावा. त्यांचं कुणी ऐकलं नाही, १९७९ मध्ये माणूस वर पोचलाच. आणि आज लोफोटेनमधल्या रेइनेब्रिंगेनवर, ४४८ मीटरच्या त्या जगप्रसिद्ध फोटोच्या जागी, चढणाऱ्यांच्या पायांनी घसारा इतका सुटला की नेपाळहून शेर्पा बोलावून दगडी पायऱ्या बांधाव्या लागल्या, दीड हजारांहून जास्त. पायऱ्या अप्रतिम आहेत, डोंगर वाचला. आणि पायऱ्या झाल्यामुळे आणखी माणसं येतात. सोय केली की गर्दी वाढते, नाही केली तर डोंगर झिजतो. ज्यांना यातून सोपी वाट दिसते त्यांनी बहुतेक नुसता फोटो पाहिलेला असतो.

म्हणजे गप्प बसावं? नॉर्वेजियन लोक एका बाबतीत बसतात. मुल्टे नावाचं नारिंगी बेरी पाणथळीत उगवतं, भयंकर आवडीचं. कुठे मिळालं ते शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. गंमत म्हणजे इतक्या उदार कायद्यातही मुल्टेला अपवाद आहे: उत्तरेच्या भागात जमीनमालक ती तोडायला मनाई करू शकतो, जागेवर उभं राहून खाल्लीत तर मात्र चालतं. माझे आजोबा पावसाळ्यात अळंबी आणायचे. कुठून, ते शेवटपर्यंत आजीलाही सांगितलं नाही. आम्ही त्यांना कंजूस म्हणायचो. टोपली मात्र ते शेजारी वाटायचे.

इथपर्यंत माझं ठरत आलं होतं: लिंक पाठवायची नाही, जागा राखायच्या. मग मला माझीच भीती वाटली. ‘आमचं पिण्याचं पाणी आहे, इकडे येऊ नका’ हे वाक्य मराठी माणसानं इतक्या सहज मान्य करावं? महाडचं चवदार तळं १९२४ मध्ये नगरपालिकेनं ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर हक्क होता, तरी गावानं तो चालू दिला नाही, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह त्या पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. कायदा ‘कुणीही’ म्हणतो आणि माहितगार माणसं आपापसांत कुजबुजून ‘कुणीही’चं ‘आपलेच’ करतात, हे आपल्याला नवीन नाही. ज्यांचे इथे मित्र आहेत, ज्यांना भाषा येते, त्यांनी तळी वाटून घ्यायची आणि पुण्याहून कर्ज काढून आलेल्या पोरांनी गर्दीच्या किनाऱ्यावर वाऱ्यात झोपायचं? मी चार वर्षांपूर्वी बाहेरचा होतो. आता आत आलो म्हणून दार लावून घेतोय का?

यावर दोन-तीन रात्री गेल्या. फरक मला एवढाच सापडला, आणि तो पुरेसा आहे की नाही याची खात्री नाही. महाडला ‘कोण’ असा प्रश्न होता, आणि उत्तर जन्मावर ठरलेलं होतं. त्या बाईंनी मी कोण ते विचारलं नाही. माझे बूट पाहिले. चालून आलेल्या, समोर उभं राहून विचारणाऱ्या अनोळखी, सावळ्या माणसाला त्यांनी आपलं पाणी दाखवलं, आणि दाखवताना त्याची अटही सांगितली. फोनवरच्या खुणेबरोबर त्यांचा विश्वास पुढे गेला नाही, नुसती जागा गेली. अट चौथ्या ओळीत राहिली.

म्हणजे पुढे द्यायचं ते त्यांचं दार. भावाला सांगायचं, की गावात जा, गाडी थांबव, कुंपणाशी काम करणारं कुणी दिसलं तर विचार. पण सहा जण, आठ दिवस, तुटकं इंग्रजी आणि ‘लोक काय म्हणतील’ हा खास आपला संकोच, ते विचारतील? आणि समजा सगळ्यांनीच विचारायला सुरुवात केली, तर त्या बाईंनी उन्हाळाभर कुंपण बांधायचं की उत्तरं द्यायची? याला माझ्याकडे उत्तर नाही. नगरपालिकांनी काही ठिकाणी तंबूला बंदी घातली आहे. माझ्या एकोणिसांतल्या दोन जागा त्या बंदीत गेल्या. उट्टाक्लेइवसारख्या गावात लोक स्वतःच पैसे घेतात, बदल्यात संडास देतात. मला आधी ते खटकायचं, फुकटच्या हक्काला भाडं कसलं म्हणून. आता वाटतं, त्या पैशातून निदान संडास कुणी साफ करतं हे तरी कळतं.

काल रात्री मी भावाला लांबलचक मेसेज लिहिला. दोन पैसे देऊन राहायच्या जागा, गरम पाण्याच्या आणि स्वयंपाकघराच्या. पावसाच्या दिवसासाठी लागतीलच. उट्टाक्लेइव. मग रानासाठी जागा न सांगता जागा कशी ओळखायची ते: शेवाळ्यावर नको, कापलेल्या गवतावर नको, वाऱ्याकडे पाठ, पाण्यापासून लांब, साबण नको, संडासाला वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर, कागद पिशवीत भरून परत. दोन नॉर्वेजियन वाक्यं देवनागरीत लिहून दिली, ‘इथे तंबू टाकला तर चालेल का’ आणि ‘आभारी आहे’. आणि लिहिलं की एकोणीस जागांची यादी मी देणार नाही, भेटलास की कारण सांगतो.

त्यानं अंगठा पाठवला. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग मेसेज आला: “ठीक आहे दादा. पण तुझ्या डीपीमधलं ते तळं कुठलंय?”

डीपी मी तीन वर्षांपूर्वी लावलाय. बदलायचा राहिला.